तारकरी

प्रत्येक सोसायटीत निदान एक अथर्व असतोच. काही ठिकाणी त्याचं नाव आर्यन असतं, काही ठिकाणी तो मुलगी असतो आणि त्याला सई म्हणतात. पण इयत्ता आठवी-नववी, पाठीवर दप्तर, आणि हसू आलं की हात तोंडावर. हा हात पहिले पंधराच दिवस तोंडावर असतो, हे आधीच सांगून ठेवतो. तेवढ्यात त्याला कळतं की वर्गातल्या अर्ध्या बाकांवर तारा लागलेल्या आहेत आणि ज्याला लागल्या नाहीत तोच बिचारा जरा मागे पडलाय. मग हात खाली येतो आणि एक अस्सल तारकरी तयार होतो.

माझ्या वाट्याला आलेला तारकरी म्हणजे माझा भाचा, अथर्व. मुक्काम डोंबिवली पूर्व. वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंच चढून बसलेले. ताई म्हणायची, "फोटोत हा नुसता उभा असला तरी आता कुणाला तरी चावणार असं वाटतं." शेवटी गेलो आम्ही दातांच्या बाईंकडे. बाईंनी एक्स-रे बघितला, साचे घेतले, साधारण दोन वर्षं लागतील म्हणाल्या, आणि मग खाण्याची यादी सांगायला घेतली. चिक्की नाही. कडक चकली नाही. ऊस नाही. कणीस दाणे सोलून, पेरू फोडी करून, बर्फ तर अजिबात चावायचा नाही. ताई वहीत लिहून घेत होती. मीही मान डोलवत होतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो समोरच्या ट्रेमधल्या रंगीत रबरांकडे बघत होता. यादी संपल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला, "मॅडम, दोन कलर चालतात का?"

तारकऱ्याच्या आयुष्यात रबराचा रंग हा महिन्यातला सगळ्यात मोठा निर्णय. तार घट्ट करून घ्यायला चार-पाच आठवड्यांनी जावं लागतं, तेव्हा ब्रॅकेटांवरची ती इवली इवली रबरं बदलतात. ऑगस्टमध्ये केशरी, पांढरा, हिरवा. आयपीएलच्या दिवसांत निळा. एकदा मात्र त्याला वाटलं, आपण आता मोठे झालो, साधेपणा शोभेल. म्हणून पारदर्शक रबरं लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात बटाट्याची पिवळी भाजी होती. संध्याकाळपर्यंत सगळी रबरं हळदीची झाली, आणि पुढचा अख्खा महिना पोरगा तसाच हिंडला. आजी म्हणाली, "लग्नाआधीच हळद लागली रे तुला."

आता त्याच्या ब्रश करण्याविषयी. तारकरी ब्रश करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो रोज करतो. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल. ब्रश तोंडात जिथे ठेवलाय तिथेच एखादी रील संपेपर्यंत फिरतो. शिवाय तो मन लावून घासतो तो ब्रॅकेटचा धातू, कारण आरशात तेच चमकतं. दात हा त्या मागचा पडदा, त्याच्याकडे कोण बघतंय? बाईंनी दिलेला तो बारका ब्रश, तारेखालून आत घालायचा, तो बेसिनच्या मागे पडला होता, टोपणासकट, कोरा करकरीत. ताईनं विचारलं तर म्हणाला, "तो स्पेअर आहे."

खरी मेख असते ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत. असेल दोन-तीन मिलिमीटर. बाईंनी एकदा त्याच्या हातात आरसा दिला, वरचा ओठ बोटानं वर धरला आणि एका बारीक हत्यारानं त्या पट्टीवरून अलगद एकच रेघ ओढली. टोकावर पांढरट, मऊ असं काहीतरी आलं.

"हे काय आहे?"

"दात असेल, मॅडम."

"दात असा निघतो?"

अथर्वनं जरा जवळून बघितलं. "मग भात असेल."

तो भात नव्हता. तो जंतूंचा थर होता. दातावर तो सगळ्यांच्याच बसतो. पण ब्रॅकेटच्या कडेला, तारेच्या आडोशाला त्याला बिनभाड्याची जागा मिळते. जीभ तिथवर पोचत नाही, लाळ नीट फिरत नाही. त्यात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स नावाचे महाशय मुख्य. आपण खाल्लेली साखर तेही खातात आणि त्याचं आम्ल करतात. थराखालचा पीएच साधारण साडेपाचाच्या खाली उतरला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतात. मग लाळ धावून येते, आम्ल सौम्य करते, सुटलेलं थोडंफार परत भरते. अर्ध्या-पाऊण तासात गाडी पुन्हा रुळावर. मधल्या वेळात पुन्हा काही तोंडात टाकलं नाही तर.

ह्या "तर"मध्येच अथर्वचा सगळा दिवस जातो. सकाळी चॉकलेटचं दूध. रिक्षात एक गोळी. मधल्या सुट्टीत पोळीभाजी आणि वर कुणाच्या तरी डब्यातलं क्रीमचं बिस्किट. क्लासला जाताना कैरीची टॉफी, कारण क्लासचे सर पेंगवतात. संध्याकाळी मॅच बघताना शीतपेयाची एक बाटली. ती तो दोन तास पुरवतो. एक घोट, मग ओव्हर, मग एक घोट. ताईला वाटायचं, पोरगं जपून पितंय, चांगलं आहे. बाईंनी कपाळाला हात लावला. "प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर पी आणि संपव एकदाचं. किती प्यायलास त्याहून किती वेळा प्यायलास हे दाताला जास्त लागतं." आयुष्यात पहिल्यांदाच केलेल्या काटकसरीबद्दल बोलणी खावी लागल्यामुळे अथर्व फार दुखावला. चार दिवस सांगत फिरत होता, "मॅडमच म्हणाल्या गटागट पी."

ह्या प्रकारात एक गंमत आहे, ती बाईंनीच मला सांगितली. ब्रॅकेट चिकटवायच्या आधी त्या स्वतःच दातावर आम्ल लावतात. फॉस्फोरिक आम्ल, सदतीस टक्क्यांच्या आसपासचं, जेमतेम अर्धा मिनिट. त्यानं पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि डिंक धरतो. ही युक्ती मायकल ब्यूनोकोर नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं 1955 साली छापली. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांतून फॉस्फोरिक आम्ल वापरायचे, ते बघून त्याला सुचली. कोलाच्या बाटलीतही तेच आम्ल असतं. म्हणजे बाई घड्याळ लावून अर्धा मिनिट जे करतात, ते अथर्व मॅचच्या दोन्ही डावांत करतो, वर साखर घालून.

एवढं ऐकूनही तो शांत कसा राहतो, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. ते त्यानंच सोडवलं. ताई नेहमीसारखी ओरडत होती, "अरे, दात घास, दात घास," तेव्हा तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "मम्मी, गॅरेजला टाकलेली गाडी पप्पा धुतात का?" मला त्या क्षणी सगळा तारकरी उलगडला. त्याच्या लेखी दात दोन वर्षांसाठी बाईंच्या ताब्यात आहेत. पैसे भरलेत, काम चालू आहे, तयार झाले की मिळतील. मधल्या काळात त्यांची निगा हा त्याचा विषयच नाही.

ब्रॅकेट सुटण्याच्या बाबतीत तर तारकऱ्याचं व्याकरण बघण्यासारखं असतं. ते नेहमी "निघालं." त्यानं काढलेलं नसतं, तुटलेलं नसतं, काही खाताना गेलेलं नसतं.

"कशानं निघालं?"

"आपोआप."

"काय खात होतास?"

"वरणभात."

बाईंनी ब्रॅकेटच्या खाचेतून शेंगदाण्याचा एक कण काढला, गुळासकट, आणि शांतपणे विचारलं, "लोणावळ्याचा वरणभात का?"

पण पोरगं सोसतंही. तार घट्ट केल्यावरचे दोन-तीन दिवस पोळीचा घास चाववत नाही, दात नुसते एकमेकांवर टेकले तरी कळ येते. तेव्हा हा मऊ भात ताकात कालवून गिळतो आणि तक्रार करत नाही. तारेचं टोक गालात घुसलं की त्यावर मेणाची गोळी लावून झोपतो. तारकऱ्यांचा आपसातला जिव्हाळा तर काय सांगावा. एकदा ठाण्याला लग्नाला जाताना लोकलमध्ये समोर एक अनोळखी मुलगी गाल धरून बसली होती. अथर्वनं तिच्याकडे एकदा बघितलं, खिशातून मेणाची डबी काढली आणि काही न बोलता पुढे केली. तिनंही चिमूटभर घेतलं, लावलं, डबी परत दिली. मुंब्रा येईपर्यंत दोघं एकमेकांच्या रबरांचे रंग बघत होती. तो अख्खा दिवस हा पोरगा माझ्या फार आवडीचा होता.

बाईंकडे जायचं असलं की आदल्या रात्री मात्र बाथरूमचं दार लवकर उघडत नाही. आतून खसाखसा आवाज येतो. ताई खूश होते. दुसऱ्या दिवशी बाई ओठ वर करतात आणि म्हणतात, "काल रात्रीच घासलेत ना?" हिरड्या सुजलेल्या, लाल, एका रात्रीच्या मारानं अजूनच फुगलेल्या. हिरड्या चहाडखोर असतात. एकदा बाईंनी त्याला एक गोळी चावायला दिली. दातांवर जिथे थर असेल तिथे ती गुलाबी रंग चढवते. अथर्वच्या तोंडात प्रत्येक ब्रॅकेटभोवती अशी रेखीव गुलाबी किनार उमटली की साडीवाल्यानं बघत राहावं. कुणालाही लाज वाटली असती. ह्यानं चूळ भरायच्या आधी पाच सेल्फी काढल्या.

घरात आजीचा मुद्दा वेगळाच होता. आजी म्हणजे ताईच्या सासूबाई, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचं सगळं दंतशास्त्र दोन शब्दांत मावतं, "चूळ भर." लाडू खाल्लास, चूळ भर. चहा प्यायलास, चूळ भर. बाईंनी जेव्हा सांगितलं की बाहेर ब्रश करणं जमलं नाही तर निदान खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी, तेव्हा आजींना झालेला आनंद अवर्णनीय होता. "एवढे हजारो रुपये घेऊन बाईंनी माझंच सांगितलं." हे त्या आल्या-गेल्याला ऐकवत. त्यांचे स्वतःचे सगळे दात कुठे गेले हे मात्र कुणी विचारायचं नाही. ते मशेरीनं नेले. आता त्यांची कवळी रात्री मोरीपाशी फळीवर स्टीलच्या वाटीत असते.

पाचव्या की सहाव्या महिन्यात तो दिवस आला. बाई वरचे दात बघत होत्या. मधल्या दोन दातांच्या शेजारचा जो दात, त्याच्यावर हिरडीजवळ त्यांनी पिचकारीतून नुसती हवा मारली. थुंकी सुकली, आणि तिथे खडूनं ओढावी तशी पांढरी फटफटीत कोर उमटली. मला वाटलं, वा, इथे तरी स्वच्छ पांढरा आहे दात. बाई म्हणाल्या, "हीच कीड लागण्याची पहिली पायरी." वरून दात गुळगुळीत लागतो, पण कातडीखालून म्हणावं तसं आतलं खनिज निघून गेलेलं असतं. तिथे बारीक बारीक पोकळ्या होतात, त्यांच्यात प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. दोन वर्षंही लागत नाहीत, दुर्लक्ष केलं तर एका महिन्यातही सुरू होतं.

अथर्वनं आरशात बघितलं. मग त्या दातावरून जीभ फिरवली. पुन्हा बघितलं. कोर जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

"मॅडम, गेला की!"

त्या पोकळ्यांत पाणी शिरलं की प्रकाश कमी विखुरतो, हवा असली की जास्त. म्हणून सुकल्यावर डाग उठून दिसतो आणि ओला झाला की लपतो. बाईंनी हे सगळं त्याला नीट समजावलं. त्यातून त्यानं आपल्या उपयोगाचं तेवढंच उचललं. त्या दिवसापासून कुठल्याही फोटोच्या आधी अथर्व दातांवरून जीभ फिरवतो. त्याच्या धाकट्या भावंडांनीही ते उचललंय, आता त्यांच्याकडे ग्रुप फोटो काढताना सगळी पोरं एकदम जिभा फिरवतात आणि फोटोग्राफर गोंधळतो.

बाईंनी एक शेवटचा प्रयत्न केला. "गेल्या वर्षी हात मोडला होता ना तुझा? जुळला की नाही?"

"जुळला."

"हाडात पेशी असतात, त्या जुळवतात. इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नाही. शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे, वजनानं 96 टक्के खनिज. पण एकदा खड्डा पडला की भरून काढणारं आत कुणी नाही."

अथर्व गंभीर झाला. चांगला मिनिटभर गंभीर होता. मग त्यांनी फ्लोराइडचं वार्निश लावलं आणि सांगितलं की आज काही कडक खाऊ नको, आणि आजच्या दिवस ब्रशही नको. ही एकच सूचना त्यानं मनापासून पाळली. तिसऱ्या दिवशी ताईनं हटकलं तेव्हा उत्तर तयार होतं, "मॅडमनीच नको सांगितलंय."

ताईनंही मग अभ्यास सुरू केला. रात्री जागून तिनं कुठून तरी 1982 सालची एक अमेरिकन पाहणी शोधून काढली. तारा लावलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या निदान एका दातावर तरी असे डाग सापडले होते. तिनं ते अथर्वला जेवणाच्या ताटावर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे निम्म्यांना होत नाहीत ना?" गणितात हा पोरगा काठावर पास होतो, पण असा हिशेब कधी चुकत नाही.

तारा काढायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. चिमटा लावला की कट्ट असा आवाज, की एक ब्रॅकेट सुटे. मग डिंक घासून काढला. बाईंनी आरसा दिला. सुळे खाली उतरून शहाण्यासारखे ओळीत उभे होते. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. अथर्व सगळ्यात आधी जीभ फिरवायला लागला, कारण फिरवायला आता आडवं काहीच नव्हतं. मग त्याला दिसलं. वरच्या दोन दातांवर बरोबर मधोमध, जिथे ब्रॅकेट होतं, तिथे मूळच्या रंगाचा स्वच्छ चौकोन, आणि त्याच्या कडेनं, हिरडीच्या बाजूला, पांढरी चौकट.

"मधे का नाही डाग?"

"ब्रॅकेटखाली आम्ल पोचलंच नाही. तेवढा भाग झाकलेला होता."

अथर्वनं विचार केला. "मग अख्ख्या दातालाच ब्रॅकेट लावायचं ना, मॅडम!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्यांना हे कुणी सुचवलं नसावं.

पुढचं त्यांनी ताईला सांगितलं. लगेच काही करायची घाई नको. साधी फ्लोराइडची पेस्ट, नीट ब्रश, काही महिने लाळेला तिचं काम करू द्यायचं. डाग थोडे फिके होतील, पूर्ण जातीलच असं नाही. उरलेच तर त्या पोकळ्यांत पातळ रेझिन मुरवता येतं. मग प्रकाश सरळ जातो आणि डाग नजरेत येत नाही. त्याचा खर्च त्यांनी हळू आवाजात सांगितला. ताईनं अथर्वकडे बघितलं. अथर्वनं भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघितलं.

एक कबूल करायला हवं, तारा निघाल्यावर पोरगा सुधारला. दात परत मिळाल्यावर ते आपले आहेत हे त्याला पटलं असावं. आता तो तीनतीन मिनिटं घासतो. इतकंच नाही, मजल्यावरच्या सईला तारा लागल्यात, तिला लिफ्टमध्ये गाठून तो सांगतो, "वरच्या बाजूनं घास, ब्रश तिरका धर, हिरडीजवळ खरा प्रॉब्लेम असतो." मोबाइलचा टॉर्च लावून तिचे दात तपासायला मागतो. सई त्याला टाळायला आता जिना वापरते. तिसऱ्या मजल्यावरून.

रात्री घालायचा रिटेनर मात्र अजून त्याच्या अंगवळणी पडलेला नाही. डबी हरवली, म्हणून तो वाटीत पाणी घालून मोरीपाशी फळीवर ठेवायला लागला. आजींच्या वाटीच्या शेजारी. परवा सकाळी आजींनी नेहमीसारखं शिळं पाणी उचललं आणि गॅलरीतल्या तुळशीला घातलं. शाळेच्या घाईत अथर्व घरभर शोधतोय, ताई कचऱ्याचा डबा उपसतेय, आणि शेवटी रिटेनर सापडला तो तुळशीच्या मातीत, मंजिऱ्यांत अडकलेला.

"आजी, ते माझे दात होते!"

"मग तोंडात ठेवायचे," आजी म्हणाल्या. "ह्या घरात दात वाटीत ठेवायचा मान माझा. आण इकडे, आधी धुऊन देते. आणि चूळ भरलीस का?"